पीपीटी घरच्या लॅपटॉपवर नीट, परिषदेच्या कॉम्प्युटरवर पार विस्कटली, पुढच्या शुक्रवारी परत दाखवायचीय

विहीरवही

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. मी जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. आमच्या मुलांनी गेल्या जूनपासून गावातल्या अकरा विहिरींची पातळी मोजली. दोरीला दर हातावर एक गाठ मारायची, टोकाला दगड बांधायचा, काठावरून दोरी तळापर्यंत सोडायची आणि वर काढली की ओल्या भागातल्या गाठी मोजायच्या, दर पंधरा दिवसांनी, पावसात सुद्धा. एक अख्खी दोनशे पानी वही भरली. त्यावरून मी पॉवरपॉइंटमध्ये २२ स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं आणि बोलणार होती मुलंच. घरच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे, त्यावर चार-पाच वेळा सराव झाला, एकदाही अडलं नाही.

परवा केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत दाखवायला गेलो तर तिथे विंडोज ७ आणि ऑफिस २००७. फाईल उघडली, पण उघडल्यावर जे दिसलं ते मी केलेलं नव्हतंच. मथळ्यांना मुक्ता फॉन्ट वापरला होता, तो गेला आणि दुसराच जाड फॉन्ट आला, ओळी इतक्या लांब लांब झाल्या की खालच्या दोन ओळी चौकटीच्या बाहेर, स्लाइडच्या पण बाहेर. मुख्याध्यापक सरांच्या जुन्या फाईलमधून तीन स्लाइड घेतल्या होत्या, गावाची माहिती आणि शाळेचा इतिहास, त्यात तर मराठीच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टक्क्याची चिन्हं. विहिरीतलं पाणी जूनपासून मेपर्यंत वर-खाली होताना दाखवायला मॉर्फ (एक आकृती हळूहळू दुसरीत बदलते तो इफेक्ट) वापरलं होतं, ते काही हललं नाही, एक चित्र जाऊन दुसरं आलं एवढंच. आणि व्हिडिओ. दोरी सोडतानाचा ४० सेकंदांचा व्हिडिओ होता, त्याचं चित्र दिसत होतं पण कितीही क्लिक केलं तरी चालू होईना. त्यात पडदा चौकोनी, स्लाइड आडव्या, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या आणि अक्षर इतकं बारीक की मागच्या रांगेतल्या शिक्षकांना वाचता येत नव्हतं.

व्हिडिओच्या वेळी बोलणारी मुलगी "आता आपण बघूया दोरी कशी सोडतात" म्हणाली आणि थांबली. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला त्या क्षणी काहीच करता आलं नाही, ते मला अजून टोचतंय. तिने मग हातानेच दोरी सोडल्याची कृती करून दाखवली आणि पुढे गेली. तरीही आमची निवड झाली, आता पुढच्या शुक्रवारी तालुक्याला पंचायत समितीच्या सभागृहात आहे.

तिथल्या ऑपरेटर दादांना फोन केला तर म्हणाले जुन्या पीपीटीमध्ये सेव्ह करून आणा, ९७-२००३ वाल्या. तसं करून बघितलं तर पाणीचक्राची आकृती होती तिचं नुसतं चित्र झालं, आता त्यातलं अक्षर बदलता येत नाही, आणि बाकीचं काही सुधारलंच नाही. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, नक्की काय चुकतंय आणि आठ दिवसांत काय काय करू?

लॅबवाले_सर

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो, तुमची फाईल बिघडलेली नाही. मी चौदा वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळतोय आणि हे असं दर स्नेहसंमेलनाला, दर विज्ञान प्रदर्शनाला बघतो.

एक प्रयोग करा, म्हणजे नीट डोक्यात बसेल. फाईलची एक कॉपी करा (कॉपीच करा, मूळ फाईलला हात नको), तिच्या नावाच्या शेवटी पीपीटीएक्स असतं ते खोडून झिप लिहा आणि उघडा. पीपीटीएक्स म्हणजे खरं तर झिप केलेलं एक गाठोडं असतं. आत स्लाइड्स नावाचं फोल्डर दिसेल, मीडिया नावाचं दिसेल, मीडियामध्ये तुमचे फोटो आणि तो दोरीचा व्हिडिओ पण सापडेल. पण मुक्ता फॉन्ट सापडणार नाही. स्लाइडमध्ये फक्त 'इथे मुक्ता वापर' एवढं नाव लिहिलेलं असतं. फॉन्ट ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरमधून घ्यायचा असतो, आणि तिथे नसला तर जो मिळेल तो लागतो. परिषदेत बहुतेक मंगल लागला असणार, विंडोज ७ मराठीला सहसा तोच लावतं, आणि मंगलच्या ओळी मुळातच उंच असतात म्हणून मजकूर खाली सांडला.

यात अजून एक गोम आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. नव्या विंडोजवर मराठी बहुतेक वेळा निर्मला यूआय फॉन्टमध्ये दिसतं, तो विंडोज ८ पासून आला, म्हणजे विंडोज ७ वर तो नाही. उलट मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे विंडोज ७ वर आहेत, पण विंडोज १० पासून ते वेगळे काढून ठेवलेत, हिंदी किंवा मराठी भाषा जोडली किंवा वेगळे टाकून घेतले तरच येतात. म्हणजे नव्यावरचा जुन्यावर नाही आणि जुन्यावरचा नव्यावर असेलच असं नाही. तुमच्या लॅपटॉपवर सेटिंगमध्ये जा, 'ऑप्शनल फीचर्स' शोधा, तिथे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' शोधून टाकून घ्या. मग सगळा मजकूर कोकिळा किंवा मंगलमध्ये करा आणि चौकटी त्या हिशोबाने मोठ्या करा. मुक्ता सुंदर आहे हे मान्य, पण जो फॉन्ट दोन्हीकडे आहे त्यातच काम करा. कोकिळा बारीक दिसतो, त्याचा साइज चार-सहाने वाढवून घ्या.

फॉन्ट फाईलमध्ये भरायची सोय पण आहे, फाईल, ऑप्शन्स, सेव्ह, सगळ्यात खाली 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल', त्यात दुसरा पर्याय निवडा, सगळी अक्षरं भरण्याचा, म्हणजे तिथे जाऊन एखादं अक्षर बदलावं लागलं तरी अडणार नाही. हे कराच, पण फक्त ह्याच्या भरवशावर राहू नका. काही फॉन्ट त्यांच्या लायसन्समुळे भरलेच जात नाहीत, आणि फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर काय होईल सांगता येत नाही.

आता ऑपरेटर दादांचं म्हणणं. ते चुकीच्या हेतूने सांगत नाहीयेत, ऑफिस २००३ च्या काळात ते बरोबरच होतं. पीपीटीएक्स आलंच २००७ पासून, त्याआधीच्या ऑफिसला ते कळायचं नाही, त्यासाठी एक कम्पॅटिबिलिटी पॅक टाकावा लागायचा आणि तो पण मायक्रोसॉफ्टने २०१८ साली बंद केला. पण तुमच्या केंद्रात २००७ होतं, त्याला पीपीटीएक्स वाचता येतं. जुन्या पीपीटीत नेलं की उलट जास्त गोष्टी जातात, तुमच्या पाणीचक्राचं झालं तसं. ती आकृती स्मार्टआर्ट (पॉवरपॉइंटमधली तयार साच्याची आकृती) असणार, जुन्या फॉरमॅटला स्मार्टआर्ट माहीतच नाही म्हणून तिचं चित्र करून ठेवतो. तेव्हा पीपीटीएक्सच ठेवा.

अजून एक, फाईल, इन्फो, 'चेक फॉर इश्यूज', त्यात 'चेक कम्पॅटिबिलिटी' आहे. जुन्या आवृत्तीत काय चालणार नाही त्याची यादी येते, स्लाइड नंबरसकट. फॉन्टबद्दल मात्र ते काही बोलत नाही.

पेंग्विन_पुणेकर

सरांनी फॉन्टचं नीट सांगितलंय, मी मॉर्फ आणि स्लाइडच्या मापाबद्दल लिहितो.

मॉर्फ फक्त २०१९ आणि ३६५ सारख्या नव्या पॉवरपॉइंटमध्ये चालतं. जुन्यात त्याच्या जागी साधं फेड येतं, तुम्हाला तेच दिसलं. पण ताई, विहिरीचं पाणी दाखवायला मॉर्फ लागतच नाही. विहिरीची एकच आकृती करा, तिच्या बारा कॉप्या करून बारा स्लाइड करा, प्रत्येकीवर एका महिन्याचं पाणी आणि महिन्याचं नाव, बाकी एक रेघही इकडची तिकडे करायची नाही. मग बाणाचं बटण पटापट दाबत गेलं की पाणी चढतं आणि उतरतं. लहानपणी वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फडफडवायचो ना, तसंच. हे २००७ मध्ये चालेल, लिब्रेऑफिसमध्ये (फुकट मिळणारं ऑफिस) चालेल, गुगल स्लाइड्समध्ये चालेल, पीडीएफमध्ये सुद्धा चालेल. आणि बोलणाऱ्या मुलाला हवं तिथे थांबता येईल, "हा बघा एप्रिल" म्हणून, ते मॉर्फमध्ये जमत नाही.

माप: २०१३ पासून पॉवरपॉइंट नवी फाईल १६:९ मध्ये उघडतं, त्याआधी ४:३ असायची. सरकारी सभागृहातले बरेच प्रोजेक्टर अजून ४:३ वालेच आहेत. डिझाइनमध्ये स्लाइड साइज, स्टँडर्ड ४:३ निवडा, ते विचारेल मॅक्सिमाइझ की एन्शुअर फिट, तर एन्शुअर फिट घ्या, नाहीतर कडेचं कापलं जातं. नंतर एकेक स्लाइड हाताने लावून घ्यावी लागेल, त्याला पर्याय नाही. पंचायत समितीत पडदा आडवा निघाला तर दोन बाजूंना काळं दिसेल पण अक्षर वाचता येईल.

आणि एक पीडीएफ करून सोबत ठेवाच ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत जातो, त्यामुळे अक्षर कुठेही हलत नाही. फक्त एकाच स्लाइडवर तुम्ही एकावर एक चित्रं ठेवून ॲनिमेशनने आणत असाल तर पीडीएफमध्ये ती सगळी एकदम एकमेकांवर चढलेली दिसतील. ती स्लाइड आधी फोडून दोन-तीन करा.

मी स्वतः लिब्रेऑफिस वापरतो आणि मनापासून वापरतो, पण आठ दिवसांवर कार्यक्रम असताना सॉफ्टवेअर बदला असं मी सांगणार नाही. एवढं मात्र माहीत असू द्या, त्यात देवनागरीचा फॉन्ट वेगळ्या खान्यात असतो, इंग्रजीला एक आणि 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' म्हणजे आपल्या लिप्यांना दुसरा. वरून फॉन्ट बदलला तरी मराठी बदलत नाही म्हणून लोक वैतागतात ते ह्यामुळे. तुमची फाईल कुणी लिब्रेऑफिसमध्ये उघडली आणि मराठी लोहित फॉन्टमध्ये दिसलं तर घाबरू नका.

दोघांचे फॉरमॅट जगजाहीर आहेत बरं का, लिब्रेऑफिसवालं ओडीएफ २००६ ला आयएसओचं मानक झालं आणि पीपीटीएक्सवालं २००८ ला. तरी एकाचं दुसऱ्यात नेताना फरक पडतो, कारण फॉरमॅटमध्ये 'अशी आकृती, असा इफेक्ट' एवढं लिहिलेलं असतं, ती आकृती पडद्यावर कशी काढायची हे ज्याचं त्याचं सॉफ्टवेअर ठरवतं.

छापखाना

मुख्याध्यापक सरांच्या त्या तीन स्लाइडबद्दल. माझं सगळं आयुष्य डीटीपीत (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्यात) गेलं म्हणून हे मला बघताक्षणी कळलं. तो मजकूर युनिकोड नाही, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीतला नाही. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम, शिवाजी असले जे जुने फॉन्ट होते, त्यांत कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा काढलेला असतो. फॉन्ट असला की मराठी, फॉन्ट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. तुमच्या लॅपटॉपवर नीट दिसलं म्हणजे तुमच्याकडे तो फॉन्ट कधीतरी टाकलेला आहे.

हे एम्बेड करून सोडवायच्या मागे लागू नका, त्यातले बरेच फॉन्ट विकतचे आहेत आणि तसे भरू देत नाहीत, आणि फॉन्टची फाईल पेनड्राईव्हवर घेऊन गावभर टाकत सुटणं पण बरोबर नाही, ज्याने तो बनवला त्याची ती भाकरी आहे. युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर मिळतात नेटवर, पण नुसतं कन्व्हर्ट करून विश्वास ठेवू नका, मी सांगतो तिथे डोळ्यांत तेल घालून बघा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर, कारण कागदावर ते तिथे दिसतात. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. त्यामुळे कन्व्हर्टर चुकला की 'विहिरी' मधली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि 'वर्षा' चा रफार 'व' वर चढतो. जोडाक्षरं बघा, श्र, क्ष, द्ध, ह्या. तारखा आणि आकडे बघा, कधी कधी आकडाच बदललेला असतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, शाळेचं स्थापना वर्षच चुकायचं.

आणि ऱ्या. 'दुसऱ्या', 'किनाऱ्यावर', 'साऱ्या'. तो डोळ्यांच्या पापणीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो, एक नुक्त्याच्या ऱ ने आणि एक साधा र, हलन्त आणि मध्ये जोडणारं अदृश्य चिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे. पण ते अदृश्य चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये गळालं की 'दुसर्या' होतं, रफार होऊन य वर बसतो. मराठी शाळेच्या पडद्यावर 'दुसर्या' दिसू नये असं मला फार वाटतं. तीनच स्लाइड आहेत तर सरळ परत टाइप करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

विहीरवही

सगळ्यांचे खूप खूप आभार, मला वाटलं नव्हतं इतक्या आपुलकीने कुणी लिहील. झिपचा प्रयोग मी आज वर्गातच केला, मुलांना आतलं मीडिया फोल्डर उघडून दाखवलं, एका मुलाने लगेच विचारलं "मग बाई, फॉन्टचं दप्तर आपण बरोबर का नाही नेत?" लॅबवाले सर, त्याला मी तुमचंच उत्तर दिलं.

कोकिळा टाकून घेतला, सगळा मजकूर बदलला, मथळे ४४ वर नेले. ४:३ केलं, त्यात नऊ स्लाइड परत मांडाव्या लागल्या. विहिरीच्या बारा महिन्यांच्या बारा स्लाइड केल्या आणि खरंच मॉर्फपेक्षा जास्त छान दिसतंय, फेब्रुवारी ते मार्च एकदम चार हात पाणी उतरतं ते एका बटणात दिसतं. सरांच्या स्लाइड टाइप करतेय. छापखाना दादा, माझ्याच मजकुरात दोन ठिकाणी 'दुसर्या' सापडलं, मी इतके दिवस बघितलंच नव्हतं.

आता राहिला व्हिडिओ. फोनमधून घेतलेला आहे, एमपी४. त्याचं काय करू? आणि माझाच लॅपटॉप नेला तर?

लॅबवाले_सर

व्हिडिओचं असं आहे. पॉवरपॉइंट २०१० पासून व्हिडिओ फाईलच्या पोटात ठेवायला लागलं. २००७ पर्यंत तो बाहेर असायचा, स्लाइडमध्ये फक्त त्याचा पत्ता. म्हणून २००७ ला तुमचा आतला व्हिडिओ चालवता आला नाही, त्याने वरचं चित्र तेवढं दाखवलं. शिवाय २००७ ला एमपी४ नीट कळत नाही, डब्ल्यूएमव्ही किंवा एव्हीआय कळतं.

डब्ल्यूएमव्ही करून, पीपीटीच्याच फोल्डरमध्ये ठेवून, मग तिथून २००७ मध्येच परत इन्सर्ट करणं हा एक मार्ग आहे, पण त्यासाठी २००७ वालं मशीन हाताशी पाहिजे, आणि फोल्डरमधून फाईल हलली की पत्ता चुकतो. मी माझ्या मुलांना शिकवतो ती पद्धत साधी आहे. व्हिडिओ पीपीटीत ठेवूच नका. पेनड्राईव्हवर वेगळा ठेवा, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी प्लेअरमध्ये उघडून पहिल्या सेकंदावर थांबवून ठेवा, आणि ती स्लाइड आली की आल्ट धरून टॅब दाबा, प्लेअर समोर येईल, झालं की परत आल्ट टॅब. मुलांना दोन दिवसांत सवय होते. स्लाइडवर दोरी सोडतानाचा मोठा फोटो ठेवा, म्हणजे व्हिडिओ नाहीच चालला तरी बोलायला समोर काहीतरी असेल.

एक तपासा, फोन नवीन असेल तर तो व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या नव्या पद्धतीने साठवतो. नाव एमपी४ च दिसतं पण विंडोज ७ चा प्लेअर तो चालवत नाही, नुसता आवाज येतो किंवा काहीच नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशिअन्सी' असं काही चालू असेल तर ते बंद करून व्हिडिओ परत घ्या, किंवा व्हीएलसी प्लेअरमध्ये कन्व्हर्ट करून एच.२६४ (आधीची, जुन्या प्लेअरला कळणारी पद्धत) करा. विहीर तिथेच आहे, मुलं पण तिथेच आहेत, परत घेतलात तर उत्तमच.

मडगावकार

लॅपटॉप नेण्याबद्दल मी सांगतो, मी कार्यक्रमांना साउंड आणि प्रोजेक्टर लावायचं काम करतो. नेता येत असेल तर नक्की न्या, पण नव्या लॅपटॉपला एचडीएमआय असतं आणि सभागृहातल्या जुन्या प्रोजेक्टरची वायर निळ्या तोंडाची व्हीजीए असते, ती लागतच नाही. एचडीएमआय टू व्हीजीए कनेक्टर आधीच घेऊन ठेवा. लावल्यावर विंडोजचं बटण आणि पी दाबा, डुप्लिकेट निवडा. आणि व्हीजीएमधून आवाज जात नाही ताई, फक्त चित्र जातं. व्हिडिओत आवाज महत्त्वाचा असेल तर लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून मिक्सरला जाणारी वेगळी वायर मागा. हे ऐनवेळी आठवतं आणि मग मुलं मूक चित्रपट बघत बसतात, मी खूपदा पाहिलंय.

मॅकवर काम करणाऱ्यांसाठी एक ओळ, कीनोटमधून (मॅकवरचं प्रेझेंटेशनचं सॉफ्टवेअर) पीपीटीएक्स काढली की कोहिनूर देवनागरी फॉन्टचं नाव तसंच जातं आणि तो विंडोजवर नसतो. तेच दुखणं.

नेट_नाही_गावात

कुणी तरी म्हणेल गुगल स्लाइड्सवर टाका, म्हणून आधीच सांगतो, आमच्याकडे तेच केलं होतं. सभागृहात नेट नव्हतं. आणि विंडोज ७ वर क्रोम २०२३ पासून नवीन येतच नाही, १०९ वर थांबलंय. स्लाइड्सवरून पीपीटीएक्स डाउनलोड केली तरी फॉन्ट तिथे नीट दिसेलच असं नाही. घरी काम करायला चांगलं आहे ते, दोघातिघांनी मिळून करायचं असेल तर फारच चांगलं, पण शेवटी दाखवायचं तर फाईल हातात पाहिजे. दोन पेनड्राईव्हवर. लै वेळा एक पेनड्राईव्ह ओळखतच नाही तिथला कॉम्प्युटर.

आणि व्हॉट्सॲपवरून किंवा मेलवरून आलेली फाईल उघडली की वर पिवळी पट्टी येते 'प्रोटेक्टेड व्ह्यू', ती आली म्हणजे फाईल खराब नाही, एनेबल एडिटिंग दाबायचं. आमच्या इथे एका सरांनी व्हायरस समजून अख्खी फाईल डिलीट केली होती.

पेंग्विन_पुणेकर

ताई, अजून एक विनंती. जमलं तर एक दिवस आधी तिथे जाऊन याच. आम्ही इथे बसून कितीही सांगितलं तरी तिथलं मशीन कुणीच बघितलेलं नाही. पाच मिनिटं पुरतात, स्लाइड क्रमांक एक, आकृतीची एक, सरांची एक आणि व्हिडिओ.

आलेख पण बघून घ्या. साधा स्तंभालेख किंवा रेषालेख असेल तर काळजी नाही, पण वॉटरफॉल, सनबर्स्ट असले २०१६ ला आलेले चार्ट असतील तर जुन्यात त्यांच्या जागी नुसती रिकामी चौकट आणि एक सूचना येते. तसं असेल तर आलेख कॉपी करून 'पेस्ट ॲज पिक्चर' करा.

विहीरवही

झालं काल! सगळं सांगते.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी आणि दोन मुली पंचायत समितीत जाऊन आलो. ऑपरेटर दादा स्वतः थांबले आमच्यासाठी. तिथे ऑफिस २०१० निघालं, पडदा ४:३. कोकिळा होता, एकही ओळ चौकटीबाहेर नाही. सरांच्या तिन्ही स्लाइड स्वच्छ मराठीत, स्थापना वर्ष बरोबर. ऱ्या सगळे जागेवर. फक्त पाणीचक्राच्या आकृतीत बाण थोडे सरकलेले दिसले, ते तिथेच पाच मिनिटांत ओढून नीट केले, आणि सेव्ह करताना दादांनीच आठवण केली की पेनड्राईव्ह 'सेफली रिमूव्ह' करा.

व्हिडिओ पहिल्यांदा चाललाच नाही. काळा पडदा, नुसता रहाटाचा आवाज. तेव्हा लॅबवाले सरांचं एचईव्हीसी आठवलं. फोन माझा नव्हता, भावाचा नवा फोन होता. रात्री व्हीएलसीत कन्व्हर्ट केला, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावून बघितला, चालला. दुसऱ्या पेनड्राईव्हवर पण ठेवला.

काल कार्यक्रमात तीच मुलगी बोलली. "आता आपण बघूया दोरी कशी सोडतात" म्हणाली, आल्ट टॅब तिच्या मैत्रिणीने दाबलं, आणि पडद्यावर दगड पाण्यात पडला त्याचा आवाज सगळ्या सभागृहात आला (मडगावकार दादा, वायर मागून घेतली होती). ती ओल्या गाठी मोजत होती तेव्हा पुढच्या रांगेतले दोन-तीन जण पण तिच्याबरोबर मोजायला लागले. बारा महिन्यांच्या स्लाइडला तर एका अधिकारी मॅडमनी थांबवून मार्चवर परत जायला सांगितलं, कोणत्या विहिरी आधी आटतात ते विचारलं, आणि मुलाने वहीत बघून सांगितलं.

आता मुख्याध्यापक सर म्हणताहेत की त्यांच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या अजून चाळीसेक फाईल आहेत, शाळेचे अहवाल, गावच्या जत्रेची माहिती, जुन्या शिक्षकांच्या आठवणी. त्या सगळ्या युनिकोडमध्ये आणाव्यात असं माझ्या मनात आहे, दिवाळीच्या सुट्टीत बसेन. छापखाना दादा, फाईल उघडून कोणता फॉन्ट आहे ते कसं ओळखायचं?

छापखाना

अक्षरांवर कर्सर ठेवा, वर फॉन्टच्या खान्यात नाव दिसतं, फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी नाव दिसतंच. आधी चाळीस फाईलींची नावं आणि फॉन्ट एका वहीत लिहून काढा, एकाच फॉन्टच्या एकत्र करा, म्हणजे कन्व्हर्टर एकदा पारखला की सगळ्यांना चालतो. मूळ फाईली पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये तशाच ठेवा. आठवणीवाली आधी घ्या. एक-एक करून तुम्ही बदलत जा, रफार आणि वेलांट्या मी तपासून देतो.